पोस्ट-रॉकचे नवे बँड शोधताना आणि सुचवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘एखादा चांगला बँड सांग ना’ इथून बोलणं सुरू होतं आणि पुढचे प्रश्न दरवेळी तेच निघतात. म्हणून ते एकदाचे इथे लिहून ठेवतो आहे. क्रमाने वाचायची सक्ती नाही. ज्यांना बँड माहीत आहेत पण ते दुसऱ्याच्या गळी उतरत नाहीत, त्यांनी सरळ सुचवण्याच्या प्रश्नाकडे जावं.

पोस्ट-रॉक म्हणजे नेमकं काय?

वाद्यं रॉकचीच: गिटार, बास, ड्रम. पण कडवं, ध्रुवपद, पुन्हा कडवं हा ठरलेला साचा टाकून दिलेला. एखादी साधी सुरावट येते, तिच्यावर थर चढत जातात, आणि गिटार सूर वाजवण्याइतकीच नाद आणि पोत उभा करायला वापरली जाते. गायन बहुतेक वेळा नसतंच.

हे नाव रुजवलं सायमन रेनॉल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने १९९४ मध्ये, लंडनच्या बार्क सायकोसिस या बँडच्या ‘हेक्स’ अल्बमच्या निमित्ताने. संगीत मात्र त्याआधीच तयार होत होतं. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिलच्या स्लिंटचा ‘स्पायडरलँड’ १९९१ चा. इंग्लंडच्या टॉक टॉकचे ‘स्पिरिट ऑफ ईडन’ १९८८ चा आणि ‘लाफिंग स्टॉक’ १९९१ चा. टॉक टॉक आधी रेडिओवर वाजणारी सिंथपॉप गाणी करायचे. मग त्यांनी जवळपास अंधाऱ्या स्टुडिओत महिनोन्‌महिने वादकांना बोलावून मनाला येईल ते वाजवून घेतलं आणि त्यातले निवडक तुकडे जोडून अल्बम केला. तो विकायचा कसा, हा प्रश्न रेकॉर्ड कंपनीला पडला तो पडलाच.

स्कॉटलंडच्या मोगवायसकट अनेक बँडना हे नाव मुळीच आवडत नाही. बँडच्या माणसाशी बोलायची वेळ आली तर हा शब्द जपून वापरा.

घरचे विचारतात, ‘गाणं कधी सुरू होणार?’ काय सांगू?

सातव्या मिनिटाला.

पहिल्यांदाच ऐकतोय. सुरुवात कुठून करू?

सगळ्यांना एकच यादी देण्यात अर्थ नाही. तुम्ही आजवर काय ऐकत आलात त्यावर ते ठरतं.

चित्रपटांचं पार्श्वसंगीत कान देऊन ऐकत असाल, तर टेक्ससमधल्या ऑस्टिनचा एक्स्प्लोजन्स इन द स्काय हा सर्वांत सोपा दरवाजा. २००३ चा ‘द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस’ लावा. पाचच रचना, सुरावटी लगेच लक्षात राहणाऱ्या. हेच लोक पुढच्या वर्षी ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या चित्रपटाला संगीत द्यायला गेले, आणि त्यानंतर खेळावरच्या चित्रपटांत चमकत्या गिटारी ऐकू येणं नेहमीचंच झालं.

मेटलवाले असाल तर शिकागोचे रशियन सर्कल्स. तिघेच जण आहेत, गायक नाही, पण वजन पूर्ण मेटलचं. त्यांचा २००८ चा ‘स्टेशन’ मेटलच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. इलेक्ट्रॉनिक संगीत आवडत असेल तर शेफिल्डचे सिक्स्टीफाइव्ह डेज ऑफ स्टॅटिक. त्यांचा २००४ चा ‘द फॉल ऑफ मॅथ’ कानावर आदळतो. ‘नो मॅन्स स्काय’ हा व्हिडिओ गेम खेळला असेल तर त्याचं संगीत यांचंच, म्हणजे नकळत तुम्ही ते तासन्‌तास ऐकून बसला आहात. जाझची आवड असेल तर शिकागोच्याच टॉर्टसचं ‘जेड’, १९९६ चं. वीस मिनिटांच्या वर चालतं, मध्येच टेप बिघडल्यासारखं होतं, आणि ते मुद्दाम आहे.

गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर या मॉन्ट्रियलच्या बँडपासून सुरुवात करावी का, असं हमखास विचारतात. माझ्या मते दुसऱ्या महिन्यात करावी. २००० चा त्यांचा ‘लिफ्ट युअर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन’ म्हणजे दोन तबकड्या, चार रचना आणि प्रत्येक रचना साधारण वीस मिनिटांची. पहिल्याच दिवशी मोबाइलच्या स्पीकरवर लावून बसलात तर कंटाळाल आणि दोष बँडला द्याल.

आणि मोगवायचं ‘लाइक हेरड’ लावलंत तर हेडफोनचा आवाज वाढवू नका. तीनेक मिनिटं कुजबुज चालते, म्हणून माणूस आवाज वाढवतो, आणि तिथेच ते स्कॉटिश लोक तुमची वाट पाहत बसलेले असतात.

मी शास्त्रीय संगीत ऐकते, रॉक अजिबात नाही. मला हे जमेल का?

रॉकवाल्यांपेक्षा लवकर जमेल. विलंबित ख्याल ज्याने मन लावून ऐकला आहे त्याला वीस मिनिटांची रचना लांब वाटत नाही, आणि एकच स्वरसमूह पुन्हापुन्हा आला की ‘पुढे काहीच होत नाही’ अशी तक्रारही तो करत नाही.

फक्त दोन अपेक्षा बाजूला ठेवा. एक, इथे उपज जवळजवळ नसते. बहुतेक बँडची रचना आधी बांधलेली असते आणि मैफलीतही ती तशीच्या तशी वाजते. दोन, इथली परिणती लयीच्या गणितातून येत नाही, आवाजाच्या पातळीतून आणि थरांच्या दाटीतून येते. समेची वाट पाहत बसलात तर ती येणार नाही.

तुमच्यासाठी माझी पहिली शिफारस दक्षिण कोरियाच्या जांबिनाईची. त्यांच्या हेगम या वाद्याला दोनच तारा, त्या गजाने वाजवायच्या. गोमुंगो हे सहा तारांचं, बांबूच्या काडीने छेडायचं. आणि पिरी हे आपल्या सनईसारखं दुहेरी पत्तीचं फुंकवाद्य. याच्या जोडीला विकृत केलेली गिटार आणि ड्रम. २०१८ च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकच्या समारोपाला हे वाजले होते. २०१६ चा ‘अ हर्मिटेज’ घ्या. हे सगळं ऐकायला गोड आहे असं मात्र समजू नका. पहिल्या मिनिटापासून अंगावर येतं.

पाच-सहा मोठी नावं ऐकून झाली. पुढे कसं जायचं?

खरा प्रश्न हाच आहे. इथे बहुतेक जण ‘यासारखे बँड’ असं शोधतात आणि त्याच पाच-सहा नावांभोवती फिरत राहतात. माझा सल्ला असा की, आवाजात कोण कोणासारखं आहे हे बघण्याआधी कोण कोणाबरोबर काम करतं ते बघा. अल्बमच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं ते वाचायला लागा.

एक माग काढून दाखवतो. तोक्योच्या मोनोचा २००९ चा ‘हिम टू दि इम्मॉर्टल विंड’ तुम्हाला आवडला असं धरू. ध्वनिमुद्रण कोणाचं? स्टीव्ह अल्बिनी, शिकागो. हा माणूस स्वतःला निर्माता म्हणवून घ्यायचा नाही आणि विक्रीतला वाटा घ्यायचा नाही. मुद्रणाचे पैसे घेतले, काम संपलं. खोलीत जसा आवाज होतो तसा टेपवर उतरला पाहिजे, एवढाच हट्ट. २०२४ मध्ये तो गेला. आता त्याचंच नाव धरून मागे चला. २००२ चा गॉडस्पीडचा ‘यांकी यूएक्सओ’ त्याने मुद्रित केला. २००१ ची मोगवायची ‘माय फादर माय किंग’ त्याचीच. ती एकच रचना वीस मिनिटांची आहे. आणखी मागे, १९९८ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या डर्टी थ्रीचा ‘ओशन साँग्ज’: व्हायोलिन, गिटार आणि ड्रम, बास नाहीच. आणि त्याच्याही मागे १९८९ मध्ये स्लिंटचा पहिलाच अल्बम, ‘ट्वीझ’. एका ध्वनिमुद्रकाच्या नावावरून वीस वर्षं आणि पाच देश झाले. यातला डर्टी थ्री ‘मोनोसारखे बँड’ या शोधात सहसा वर येत नाही, आणि नेमका तोच माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना सर्वांत जास्त आवडून गेला आहे.

दुसरा माग लेबलांचा, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपन्यांचा. स्वतंत्र लेबल चालवणारी माणसं तीन-चारच असतात आणि त्यांची आवड ठाम असते. मॉन्ट्रियलचं कॉन्स्टेलेशन घ्या. गॉडस्पीडचा १९९७ चा पहिला अल्बम त्यांनीच तबकडीवर आणला. आगगाडीखाली चपटं झालेलं एक नाणं त्याच्या वेष्टनात घातलेलं असायचं. त्यांच्याच यादीत टोरोंटोचे डू मेक से थिंक आहेत, जे गॉडस्पीडपेक्षा कितीतरी हसरे आणि जाझकडे झुकलेले. न्यूयॉर्कच्या टेम्पररी रेसिडेन्सकडे एक्स्प्लोजन्स इन द स्काय. ग्लासगोचं रॉक अ‍ॅक्शन हे खुद्द मोगवायचं. बर्लिनच्या पेलॅजिककडे स्वीडनचे पीजी लॉस्ट आणि चीनमधल्या दालियनचे वांग वेन. सिडनीचं बर्ड्स रोब म्हणजे ऑस्ट्रेलियन बँडचा अड्डाच, स्लीपमेक्सवेव्ह्ज तिथलेच. एखाद्या लेबलचे तीन अल्बम आवडले की चौथा न ऐकता विकत घ्यायला माझी हरकत नसते.

तिसरा माग महोत्सवांच्या पोस्टरांचा. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ २०१३ पासून आर्कटॅन्जंट भरतो, बेल्जियममध्ये डंक. पोस्टरवरची वरची मोठी नावं तुम्हाला माहीत असतात. तळाशी सर्वांत बारीक अक्षरात असलेली नावं उतरवून घ्या. कोणीतरी आपल्या खिशातून विमानाचं तिकीट काढून त्यांना बोलावलेलं असतं, त्यामुळे चाळणी आधीच लागलेली असते.

यूट्यूबवर ‘वेअर पोस्ट रॉक ड्वेल्स’ आणि ‘वर्ल्ड हॅज पोस्ट रॉक’ अशी चॅनेल आहेत, जिथे बँडच्या परवानगीने पूर्ण अल्बम चढवलेले असतात. सुरुवातीला उत्तम. पण तिथे एकामागून एक लावून ठेवलं की चौथ्या अल्बमनंतर बँडची नावं लक्षात राहत नाहीत. एका दिवसात एक, एवढं पुरे.

अल्गोरिदम सुचवतो ते ऐकायला काय हरकत आहे?

हरकत काही नाही. पण त्याला काय मोजता येतं ते लक्षात ठेवा. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक ऐकणं धरलं जातं. दोन मिनिटांचं गाणं एक ऐकणं, गॉडस्पीडची वीस मिनिटंही एकच ऐकणं. आणि २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत ज्या ट्रॅकला हजार ऐकणी मिळाली नाहीत त्याला काहीच पैसे मिळत नाहीत. लहान बँडचा चार लांब रचनांचा अल्बम या हिशोबात आधीच मागे पडतो.

परिणाम ऐकूही येतो. ‘अभ्यासासाठी’, ‘झोपेसाठी’ अशा प्लेलिस्टांमध्ये पोस्ट-रॉकचा जो तुकडा शिरतो तो कोणाच्याही लक्षात येणार नाही असाच निवडलेला असतो. जो बँड मध्येच कानठळ्या बसवतो त्याला तिथे जागा नाही. म्हणजे या प्रकारातली सर्वांत चांगली गोष्ट गाळून उरलेलं तुम्हाला वाढलं जातं.

खरं सांगा, हे सगळे बँड सारखेच नाहीत का?

निम्मे आहेत. हळू सुरुवात, घुमणारी गिटार, पाचव्या मिनिटाला ड्रमचा गडगडाट, शेवटी शांतता. क्रेसेंडो म्हणजे आवाजाची चढण, म्हणून या साच्याला चेष्टेने ‘क्रेसेंडोकोअर’ म्हणतात आणि ती चेष्टा बरोबर आहे. डिले (सूर पुन्हापुन्हा ऐकवणारं) आणि रिव्हर्ब (सूर घुमवणारं) असे गिटारचे दोन पेडल घेतले की दोन सूर वाजवूनही भव्य वाटतं, ही या प्रकाराची सोयही आणि रोगही.

मी नवीन बँड चाळताना आधी ड्रमर ऐकतो. गिटारी सगळ्यांच्या सारख्या वाटू शकतात, ड्रमर लपत नाही. तो फक्त चढणीची वाट पाहत झांजा घासत बसलाय, की शांत भागातही त्याला काही म्हणायचं आहे? मग बघतो की, आवाज मोठा झाल्यावर संगीतात काही नवं आलं का, की तेच जोरात वाजतंय. टॉर्टस, डर्टी थ्री, डू मेक से थिंक यांच्यात ‘चढण’ शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, आणि तरी ते याच घरातले.

साचा वापरूनही दाद द्यावी असे आहेत. सिडनीच्या वी लॉस्ट द सीचा २०१५ चा ‘डिपार्चर साँग्ज’ पूर्ण चढणींचाच आहे. त्यांचा गायक २०१३ मध्ये वारला. बँडने दुसरा गायक न घेता पूर्ण वाद्यसंगीताचा अल्बम केला, आणि प्रत्येक रचना दुसऱ्यांसाठी किंवा एखाद्या ध्येयासाठी जीव पणाला लावणाऱ्या माणसांवर बांधली: दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेतला कॅप्टन ओट्स, चेर्नोबिल अणुभट्टीखालच्या पाण्यात उतरलेले तिघे, उड्डाणानंतर लगेच फुटलेल्या चॅलेंजर यानातले अंतराळवीर. चॅलेंजरच्या रचनेत जुन्या ध्वनिफिती आहेत. काय होणार हे माहीत असूनही तिथे पोचताना घसा दाटतो.

बँडकॅम्प नीट कसं वापरायचं?

बँडकॅम्प म्हणजे बँड आपलं संगीत थेट श्रोत्यांना विकतात ते संकेतस्थळ. बँडला पैसे पोचवायचा आजही तोच सर्वांत सरळ रस्ता आहे. डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के बँडकॅम्प ठेवून घेतं, टी-शर्ट-तबकड्यांचे १० टक्के. मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडतात, त्याला ‘बँडकॅम्प फ्रायडे’ म्हणतात. खरेदी त्या दिवसापर्यंत साठवून ठेवायला काहीच हरकत नाही. कंपनी २०२२ मध्ये एपिक गेम्सने घेतली आणि पुढच्याच वर्षी साँगट्रेडरला विकली, तेव्हा जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांना घरी बसवलं. म्हणून तिच्यावर आंधळा भरवसा ठेवू नका. घेतलेलं संगीत लगेच उतरवून आपल्या डिस्कवर ठेवा.

शोधासाठी तिथली सर्वांत उपयोगी गोष्ट बरेच जण पाहतच नाहीत. अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी छोटी चित्रं असतात. त्यातल्या एकावर टिचकी मारली की त्या माणसाचं अख्खं कपाट उघडतं. तुम्हाला आवडलेले तीन अनोळखी अल्बम ज्याच्याकडे आहेत असा माणूस सापडला, की त्याच्याकडचा चौथा ऐका. दुसरं म्हणजे ‘पोस्ट-रॉक’ या टॅगबरोबर शहराचा टॅग लावून बघा. जकार्ता, तैपेई, वॉर्सा, सान्तियागो. इंग्रजी समीक्षा जिथे पोचत नाही तिथलं फार चांगलं काही याच वाटेने सापडतं.

भारतातून पैसे भरताना कार्ड नाकारलं जात असेल तर आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का बघा. २०२० पासून नवीन कार्डांवर ते मुळात बंदच असतात. तबकडी मागवताना किमतीच्या बरोबरीने टपालखर्च लागू शकतो, वर सीमाशुल्क. मी तरी फाइल विकत घेतो आणि ‘हवी ती किंमत द्या’ असं असेल तिथे शून्य टाकत नाही.

आपल्याकडे कोण आहे?

अहमदाबादेत सुरू झालेला अ‍ॅजवीकीपसर्चिंग हे सर्वांत माहितीचं नाव. ‘ख्वाब’ २०१५ चा, ‘ज़िया’ २०१७ चा, ‘रूह’ २०१९ चा. हे गातातही, हिंदी-उर्दूत, आणि गाणं वाद्यांच्या वर न बसता त्यांच्यातच मिसळतं. मला ‘ज़िया’ जास्त आवडतो. बंगळुरूचे अंटिल वी लास्ट पूर्ण वाद्यसंगीत करतात. दिल्लीचे आयोइश आहेत. मुंबईचे स्पेस बिहाइंड द यलो रूम शोधून ऐका.

आपल्याकडे अडचण बँडची नाही, जागांची आहे. मुंबईत लोअर परळचा ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लब २०१६ मध्ये बंद झाला. जिथे जागेचा खर्च बिअरमधून निघतो तिथे लोक बोलत बसतात, आणि हे संगीत बडबडीत मरतं. ‘कंट्रोल ऑल्ट डिलीट’सारखे मुंबईतले कार्यक्रम श्रोत्यांच्याच वर्गणीतून उभे राहिले, हे त्यावरचं एक चांगलं उत्तर होतं. बाकी पुण्याला भाग्य लाभलं ते २०१५ मध्ये, एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाला मोगवाय येऊन वाजवून गेले तेव्हा.

एक विनंती. भारतीय बँड सुचवताना ‘भारतीय असूनही चांगले आहेत’ हा सूर नको. रचना चांगली आहे का तेवढं सांगा.

मित्राला सुचवतो, तो ऐकतच नाही. काय चुकतंय?

बहुधा तुम्ही जास्त पाठवता. पानात एकदम वीस पदार्थ वाढले की पाहुणा कशालाच हात लावत नाही. एक बँड, एक रचना. पूर्ण अल्बमची लिंकसुद्धा नको.

दुसरं, तुम्ही विशेषणं पाठवता. ‘जबरदस्त’, ‘काटा येतो’, ‘आयुष्य बदललं’ यातून समोरच्याला काहीच कळत नाही. काय होतं, कुठे होतं आणि कधी ऐकायचं, हे सांगा. मी पाठवेन तो निरोप साधारण असा:

‘मोनोचं “अ‍ॅशेस इन द स्नो” ऐक. पावणेबारा मिनिटं आहे, पुणे-मुंबई गाडीत बसलास की लाव, मध्ये थांबवू नकोस. सुरुवातीला ग्लॉकनस्पीलवर एक छोटी ओळ येते, ती लक्षात ठेव. पुढे तीच ओळ ऑर्केस्ट्रासकट परत येते. शेवट तुला फार रडका वाटेल अशी शंका आहे, वाटला तर सांग.’

यात चार गोष्टी आपोआप आल्या: वेळ किती लागेल, कुठे ऐकायचं, कशाकडे कान द्यायचा, आणि तुमची स्वतःची एक शंका. शेवटची सर्वांत महत्त्वाची. शंका सांगितली की माणूस भांडायला तरी ऐकतो.

आणि ज्याला सुचवताय त्याचा विचार करा. ज्याच्या घरात नुकताच कोणाचा मृत्यू झालाय त्याला ‘डिपार्चर साँग्ज’ पाठवताना दोनदा थांबा. ज्याला पळताना ऐकायचंय त्याला टॉक टॉक देऊ नका. काकांना ‘लाइक हेरड’ तर नकोच.

त्याने ऐकलं आणि म्हणाला, ‘बोअर झालं’. आता?

कुठल्या मिनिटाला ते विचारा. दुसऱ्याच मिनिटाला कंटाळला असेल तर त्याला सुरुवातीपासून हलणारं काही हवं आहे, टॉर्टस किंवा सिक्स्टीफाइव्ह डेज ऑफ स्टॅटिक द्या. शेवटाला कंटाळला असेल तर चढणींचा कंटाळा आहे, डर्टी थ्री द्या. तरीही नाही, तर विषय सोडा. मैत्री टिकवायला पोस्ट-रॉक लागत नाही.

माझ्या मित्राचाच बँड आहे. सुचवू का?

सुचवा, पण पहिल्याच वाक्यात मित्र असल्याचं सांगून. लपवलं आणि नंतर कळलं की तुमच्या पुढच्या दहा प्रामाणिक शिफारशींचीही किंमत जाते.

आमचा स्वतःचा बँड आहे. कोणी दखल घेत नाही. कोणाला आणि कसं पाठवू?

शंभर जणांना एकच ईमेल पाठवू नका. ज्यांनी तुमच्यासारखं काही आधी उचलून धरलंय अशी दहा माणसं निवडा, त्यांनी कोणत्या अल्बमबद्दल काय म्हटलं ते वाचा, आणि त्याचा उल्लेख करून चार ओळी लिहा. लिंक एकच, लॉगिन न करता वाजणारी. जोडपत्रात जड फाइली नकोत. अल्बममधली कोणती रचना आधी ऐकावी ते तुम्हीच सांगा. ‘सगळाच अल्बम एक प्रवास आहे’ असं लिहिलेलं ईमेल पुढे वाचलं जात नाही.

बँडकॅम्पच्या पानावर कोणी काय वाजवलं, कुठे मुद्रित केलं, चित्र कोणाचं, हे सगळं लिहा. वर ध्वनिमुद्रकाच्या नावावरून माग काढण्याबद्दल लिहिलं आहे, तो माग तुमच्यापर्यंतही याच नावांवरून पोचणार. प्रकाशनाची तारीख निदान सहा आठवडे आधी ठरवा. अल्बम आल्यावर पाठवलेल्या ईमेलला ‘उशीर झाला’ एवढंच उत्तर मिळतं, तेही मिळालं तर.

महागडे हेडफोन लागतात का?

लागत नाहीत. शांत खोली लागते. या संगीतात हळू आणि मोठा यांच्यातलं अंतर फार असतं, आणि लोकलच्या गर्दीत त्यातलं हळू ऐकूच येत नाही. कान बंद करणारे साधे हेडफोन पुरतात. फोनमध्ये हळू आणि मोठा आवाज दाबून एकसारखा करणारी सोय असेल तर ती बंद करा, नाहीतर पाच मिनिटांची चढण सपाट होते.

बँड कधीच बंद पडलाय. मग सुचवण्यात काय अर्थ?

स्लिंट ‘स्पायडरलँड’ बाजारात येण्याआधीच फुटले होते. त्या अल्बमच्या मागे, गायिका हवी आहे, इच्छुकांनी पत्र लिहावं, म्हणून पत्ता छापला होता. पत्रं येईपर्यंत बँडच उरला नव्हता. दौरा नाही, मुलाखती नाहीत. तो अल्बम फिरला तो लोकांनी एकमेकांना टेप करून देण्यातून, आणि इतका फिरला की २००५ मध्ये इंग्लंडमधला ‘ऑल टुमॉरोज पार्टीज’ महोत्सव स्लिंटच्या निवडीने भरला आणि त्यासाठी ते पुन्हा एकत्र आले.

लहान बँडच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट तेवढी पाहा. बँड फुटला की एखादा सदस्य बँडकॅम्पचं पान चालू ठेवतो, कधी तेही बंद होतं, आणि तबकडी काढलेली नसेल तर अल्बम कुठेच मिळत नाही. पान चालू आहे तोवर विकत घ्या, फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये, उतरवा, आणि सुचवताना पान कोण चालवतंय हे माहीत असेल तर तेही सांगा, म्हणजे पैसे कुठे जातात ते समोरच्याला कळेल.